ट्रव्हनची उत्तर धार: वाट शोधत चढण्याचा डोंगर

उत्तर वेल्समध्ये कॅपल क्युरिग गाव मागे टाकून ए ५ रस्त्याने पश्चिमेकडे निघाले, की थोड्याच वेळात डाव्या हाताला एक करड्या खडकाचा डोंगर एकटाच उभा राहिलेला दिसतो. त्याच्या माथ्यावर तीन दाते आहेत, दोन्ही अंगांना कडे आहेत, आणि त्याची एक सोंड, म्हणजेच उत्तर धार, थेट रस्त्यापर्यंत उतरलेली आहे. हा ट्रव्हन. नकाशांवर त्याची उंची बरीच वर्षे ९१५ मीटर छापली जात होती. २०१० मध्ये नव्याने मोजणी झाली तेव्हा ती ९१७.५ मीटर भरली. आकडा मोठा नाही. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे, आणि सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्या कोणालाही हा आकडा वाचून ट्रव्हन म्हणजे एका सकाळचे काम वाटेल. हा लेख लिहिण्याचे कारण नेमके हेच आहे. ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी आलेली अनेक मराठी मंडळी उत्साहाने या डोंगराकडे वळतात, आणि त्यांच्याकडे दमाची कमतरता नसते. कमतरता असते ती हा डोंगर कोणत्या प्रकारचा आहे याच्या माहितीची.

ट्रव्हनला पायथ्यापासून माथ्यापर्यंत नेणारी ठरलेली अशी एक पायवाट नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर खोदीव पायऱ्या असतात, अवघड कातळटप्प्यावर लोखंडी शिडी किंवा साखळी असते, झाडांवर आणि दगडांवर बाण रंगवलेले असतात, आणि काहीच नसले तरी पायथ्याच्या वाडीतला कोणी वाटाड्या म्हणून बरोबर येतो. ट्रव्हनच्या उत्तर धारेवर यातले काहीही नाही. तिथे शिड्या, साखळ्या, बाण नाहीत, आणि ते नसावेत असाच तिथल्या डोंगर-परंपरेचा आग्रह आहे. धारेवर शेकडो पावलांनी झिजलेल्या वाटांचे एक जाळे आहे; त्यातल्या काही वर पोहोचतात, काही अर्ध्यावर कड्याच्या तोंडाशी संपतात. या डोंगरावर लागणारे कौशल्य म्हणूनच मुख्यतः डोळ्यांचे आहे: समोरच्या खडकातली वाट ओळखणे, आणि ती चुकल्याचे वेळीच लक्षात येणे.

नाव आणि नकाशावरचे शब्द

वेल्श भाषेत एका ‘एफ’चा उच्चार ‘व्ह’ होतो, म्हणून इंग्रजी वळणाने ‘ट्रायफॅन’ न म्हणता ‘ट्रव्हन’ म्हणावे. नावाचा अर्थ ‘तीन शिखरे’ असा सांगितला जातो. वेल्शमधला ‘त्रि’ आणि आपला ‘त्रि’ हे भाषाकुळाच्या नात्याने एकच आहेत, हे मराठी वाचकाला सुखावणारे आहे. दुसऱ्या मतानुसार नावाचा पहिला भाग संख्या नसून जोर देणारा उपसर्ग आहे आणि अर्थ ‘ठळक उंच शिखर’ असा होतो. रस्त्यावरून पाहताना दोन्ही अर्थ पटतात.

नकाशा वाचण्यासाठी चार-पाच वेल्श शब्द पाठ करणे उपयोगाचे ठरते. ‘लिन’ म्हणजे तळे (यातला ‘ल’ जिभेच्या कडेने हवा सोडत उच्चारतात, तो आपल्या लिपीत नीट उतरत नाही), ‘बुल्ख’ म्हणजे खिंड, ‘नांत’ म्हणजे ओढा, ‘अव्हॉन’ म्हणजे नदी, आणि ‘कुम’ म्हणजे हिमनदीने कोरून काढलेली, तीन बाजूंनी कड्यांनी वेढलेली वाटीसारखी दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या ‘वेस्टर्न कुम’मधला ‘कुम’ हाच शब्द आहे. ज्या राष्ट्रीय उद्यानात ट्रव्हन येतो त्याला पूर्वी सर्रास स्नोडोनिया म्हणत. २०२२ पासून उद्यानाचे प्रशासन ‘एररी’ हे वेल्श नावच वापरते, त्यामुळे फलकांवर तेच दिसेल.

नकाशा घ्यायचा तो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, ‘ओएल १७’ क्रमांकाचा, १:२५,००० प्रमाणाचा. तो कागदावर आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावा. फोनवरही असावा, पण केवळ फोनवर नसावा. त्यावर पायथ्याला पूर्व-पश्चिम पसरलेले लिन ऑग्वेन, ट्रव्हनच्या पश्चिमेला वर लपलेले लिन बॉख्लुइड, दक्षिणेला बुल्ख ट्रव्हन ही खिंड आणि पूर्वेला कुम ट्रव्हन ही दरी अशा चार जागा निघण्यापूर्वीच बोट ठेवून पाहून घ्याव्यात. दिवसभरात कुठेही धुके आले तरी आपण या चारांपैकी कोणाच्या बाजूला आहोत एवढे कळले, की निम्मा प्रश्न सुटतो.

दिवस निवडणे

पहिल्या खेपेला मे ते सप्टेंबर या काळातला कोरडा, मंद वाऱ्याचा दिवस निवडावा, आणि तसा दिवस मिळत नसेल तर डोंगर पुढच्या वेळेसाठी ठेवावा. पावसात भटकण्याची आपल्याला सवय आणि हौस असते, परंतु सह्याद्रीतला पाऊस उबदार असतो. आयरिश समुद्रावरून येणारा इथला पाऊस जुलैतही थंड असतो. पायथ्याच्या रस्त्यापासून माथा साधारण सहाशे मीटर वर आहे, म्हणजे केवळ उंचीमुळे तापमान चारेक अंशांनी उतरते. त्यात वारा मिसळला आणि अंगातले कपडे भिजलेले असले, तर थांबताक्षणी हुडहुडी भरते आणि बोटांची पकड जाते. ज्या डोंगरावर हातांनी चढायचे आहे तिथे बोटे बधिर होणे हा साधा त्रास राहत नाही.

आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी असा दोनदा अंदाज पाहावा, आणि तो गावाचा नव्हे तर डोंगराचा पाहावा. ब्रिटनच्या हवामान खात्याचा एररीच्या डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, आणि ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चाही असतो. त्यात पावसाआधी माथ्यावरचा वारा वाचावा. ताशी ३० मैलांच्या पुढचे झोत सांगितले असतील तर नवख्याने धारेवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाय उचललेला असतानाच झोत येतो आणि तोल सावरायला तिथे जागा नसते. त्यानंतर ढगांची पातळी पाहावी. ढग माथ्याखाली असतील तर वाट शोधण्याचे सगळे कामच कठीण होते.

जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरमध्ये मात्र दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. हिवाळ्यात खडकावर बर्फाचा पातळ, काचेसारखा थर धरतो; बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे क्रॅम्पॉन, म्हणजे पोलादी काटे, वापरण्याचे शिक्षण नसलेल्याने त्या काळात हा डोंगर रस्त्यावरूनच पाहावा.

बरोबर काय असावे

बूट घट्ट, चांगल्या पकडीचे आणि टोकाशी फार मऊ नसलेले हवेत, कारण बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर पुढचा चवडा टेकवून उभे राहावे लागते. धावण्याचे मऊ बूट तिथे दुमडतात. अंगात सुती कपडा नसावा. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा आतला थर, त्यावर उबेचा एक थर आणि सर्वांवर खरोखर जलरोधक असा जाकीट-विजारीचा संच असावा. डोक्याला हेल्मेट घालावे असे मी आग्रहाने सांगेन. गर्दीच्या दिवशी वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटतात, आणि आपण घसरलो तर डोके कशावर आपटेल हे आपल्या हातात नसते. हेडटॉर्च उन्हाळ्यातही न्यावी. शिटी, पूर्ण चार्ज केलेला फोन, जादा बॅटरी, दीड-दोन लिटर पाणी आणि मध्ये थांबून खाता येईल असे काही पोटभरीचे एवढे पुरे. पाठीवरची पिशवी लहान आणि अंगाला चिकटून बसणारी असावी, कारण मागे लोंबणारे ओझे खडकावर माणसाला बाहेर ओढते. हातात चालण्याच्या काठ्या असतील तर धार सुरू होण्यापूर्वी त्या घडी करून बांधून टाकाव्यात.

दोर न्यावा का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोर कुठे आणि कशाला बांधायचा याचे ज्ञान नसेल तर तो न्यायचा नाही. दोघांना एकत्र बांधून दुसरे काहीच न केल्यास एकाच्या पडण्याने दुसराही जातो. सोबत्याला खरोखर दोराची गरज वाटत असेल तर माउंटेनिअरिंग अँड क्लाइंबिंग इन्स्ट्रक्टर ही पात्रता असलेला मार्गदर्शक घ्यावा. निव्वळ पदभ्रमणाचे नेतृत्व करणाऱ्याची पात्रता वेगळी असते, हे ठरवताना विचारून घ्यावे. कॅपल क्युरिगच्या प्लास अ ब्रेनिन या राष्ट्रीय केंद्रात स्क्रॅम्बलिंगचे, म्हणजे हातापायांनी खडक चढण्याचे, अभ्यासक्रम चालतात, आणि ज्यांना या प्रकारच्या डोंगरांत वारंवार जायचे आहे त्यांनी तिथे दोन दिवस घालवणे सार्थकी लागते.

पायथ्यापर्यंत

लंडनच्या यूस्टनहून बँगॉरपर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने ऑग्वेनला येता येते. बेटसकोइड गावाकडूनही बस आहे. बसचे वेळापत्रक हंगामानुसार बदलते, तेव्हा परतीची शेवटची गाडी आधी पाहावी आणि मगच चढाईची वेळ ठरवावी. मोटारीने येणाऱ्यांसाठी ए ५ च्या कडेला, लिन ऑग्वेनच्या पूर्व टोकाजवळ, थांबे आहेत आणि तळ्याच्या पश्चिम टोकाला ऑग्वेन कॉटेजपाशी पैसे भरून गाडी लावण्याची जागा आहे. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी या जागा सकाळी लवकरच भरतात. रस्त्यावर चाके ठेवून, गवतावर अर्धी गाडी चढवून लावू नये. त्याच रस्त्याने बचाव पथकाच्या आणि रुग्णांच्या गाड्या जातात. मुक्कामासाठी पायथ्याला शेतकऱ्यांची तंबूची मैदाने आहेत आणि इदवल कॉटेज हे युवा वसतिगृह आहे. वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उघड्या डोंगरावर तंबू टाकण्याचा हक्क नाही, हे आपल्याकडच्या सवयीने विसरायला होते.

उत्तर धार, टप्प्याटप्प्याने

ब्रिटनमध्ये स्क्रॅम्बलिंगच्या तीन श्रेणी मानतात आणि उत्तर धार त्यातल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत सोप्या श्रेणीत मोडते. या वर्गीकरणातून चढणाऱ्याच्या हाती एक मोजपट्टी येते, आणि माझ्या दृष्टीने ती या संपूर्ण लेखातली सर्वांत कामाची गोष्ट आहे. योग्य वाटेवर असताना हातांना भरभक्कम खोबणी आणि पायांना रुंद पायऱ्या मिळत राहतात. एखाद्या जागी त्या मिळेनाशा झाल्या, खडक गुळगुळीत किंवा उभा झाला, पायाखाली रिकामी दरी आली, तर तिथे धाडसाची गरज नाही, तुम्ही वाट सोडली आहे. तेव्हा वर रेटू नये. शेवटची सोपी जागा जिथे होती तिथपर्यंत उतरावे आणि दहा-वीस पावले डावी-उजवीकडे जाऊन पाहावे. यातूनच दुसरा नियम निघतो: जे उतरता येणार नाही असे वाटते ते चढू नये. चढताना डोळे हातांच्या जवळ असतात, उतरताना पायांपासून दूर. म्हणून चढलेला टप्पा उतरायला नेहमी अधिक अवघड जातो. प्रत्येक अवघडशा टप्प्यानंतर एकदा मागे वळून तो वरून कसा दिसतो हे पाहण्याची सवय लावावी.

सुरुवात माइलस्टोन बट्रेस या कड्याच्या खालच्या थांब्यापासून करावी. थॉमस टेलफर्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या लंडन-होलीहेड रस्त्यावरचा मैलाचा दगड इथे आहे, आणि कड्याला त्याचेच नाव पडले. फाटक ओलांडल्यावर दगडी भिंतीच्या कडेने वाट चढू लागते. कड्याच्या पायथ्याला थेट भिडण्याआधी ती डावीकडे वळते आणि सुटे दगड, दगडी पायऱ्या आणि हेदरची झुडपे यांतून धारेच्या खांद्याकडे जाते. हा टप्पा कंटाळवाणा आणि दमवणारा आहे. इथेच अनेकांची पहिली चूक होते: ते कड्याच्या भोवतालच्या घळींतून सरळ वर जाण्याचा प्रयत्न करतात. घाई न करता डावीकडे सरकत राहावे. साधारण अर्ध्या-पाऊण तासात धारेचा रुंद, सपाट खांदा लागतो आणि समोर दक्षिणेकडे उरलेली संपूर्ण धार उलगडते.

तिथे बसून पाच मिनिटे वर पाहावे, एवढ्यासाठी तरी थांबावे. या ठिकाणाहून धारेचे टप्पे ओळीने दिसतात, आणि जवळ गेल्यावर ते एकमेकांमागे लपतात.

खांद्याच्या उजव्या, म्हणजे पश्चिमेच्या कडेला तोफेच्या नळीसारखा तिरका आकाशाकडे रोखलेला एक लांब दगड आहे. त्याला ‘कॅनन’ म्हणजे तोफ म्हणतात. तो खालच्या रस्त्यावरूनही दिसतो आणि धुक्यात आपण योग्य जागी आहोत याची खूण म्हणून उपयोगी पडतो. त्यावर बसून छायाचित्र काढण्याची प्रथा आहे. दगड कोरडा असेल आणि उंचीचे भय नसेल तर हरकत नाही, पण त्यापायी पुढच्या चढाईचा वेळ घालवू नये.

कॅननच्या पुढे खरे काम सुरू होते. धार अधिक चढी होते आणि एकामागून एक कातळटप्पे येतात. इथे निवड सतत करावी लागते. सर्वसाधारणपणे धारेच्या माथ्याजवळ राहावे. तिथला खडक घट्ट, स्वच्छ आणि हाताला खरखरीत लागतो. प्रत्येक अवघड पायरीपाशी डावीकडे, पूर्वेच्या बाजूला, एक मळलेली वाट खुणावते. ती घेतल्याने एखादा टप्पा टळतो, आणि नवख्याने ती घेण्यात कमीपणा नाही. मात्र त्या बाजूची जमीन भुसभुशीत आहे, सुटे दगड अधिक आहेत, आणि तिच्यावर फार लांब गेल्यास पूर्व कड्याच्या घळींत शिरणे होते. वळसा घेतला की पहिल्या संधीला उजवीकडे धारेवर परतावे. झिजलेला, चकाकणारा दगड दिसला म्हणजे तीच वाट असे समजू नये. चुकलेले लोकही दगड झिजवतात.

हात आणि पाय यांच्यापैकी तीन नेहमी खडकावर टेकलेले असावेत आणि चौथ्यानेच हालचाल करावी, हा आपल्याकडच्या प्रस्तरारोहणातलाही पहिला धडा आहे. पकड घेण्यापूर्वी दगड तळहाताने थोपटून पाहावा. पोकळ आवाज आला किंवा तो हलला तर सोडून द्यावा. हा खडक सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या राखेचा आणि लाव्ह्याचा बनलेला आहे, आणि पुढे हिमयुगांत बर्फाने आणि गोठण-वितळण्याने तो मोठमोठ्या ठोकळ्यांत फुटला आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये आडवे थर असतात आणि त्यांच्यामध्ये चालण्याजोगे पदर सुटतात. ट्रव्हनवर तशी शिस्त नाही, ठोकळे वाटेल त्या दिशेने कलंडलेले आहेत. म्हणूनच इथे पकडी मुबलक मिळतात, आणि म्हणूनच काही ठोकळे निव्वळ एकमेकांच्या आधाराने उभे असतात.

वरच्या भागात उत्तर शिखर येते. त्याच्या आसपास धार एकाएकी तुटते, एका अरुंद खाचेत उतरावे लागते आणि समोरच्या बाजूने पुन्हा चढावे लागते. उंचीचे भय असणाऱ्यांना ही जागा सर्वांत नकोशी वाटते. खाचेत उतरताना खडकाकडे तोंड करून, पायाने पायरी चाचपत उतरावे. बरोबरच्या अनुभवी माणसाने आधी खाली जाऊन पायांची जागा तोंडाने सांगावी, पाय धरून ओढू नये. यापुढे मोठ्या दगडांवरून चढत-उतरत मुख्य, म्हणजे मधल्या शिखरावर पोहोचणे सोपे आहे. रस्त्यापासून इथवर दोन ते तीन तास धरावेत. अंतर जेमतेम दीड किलोमीटर असूनही एवढा वेळ लागतो, यावरून चालीचा अंदाज यावा.

माथ्यावरचे दोन दगड

मुख्य शिखरावर माणसाहून उंच असे दोन शिळास्तंभ शेजारी-शेजारी उभे आहेत. इंग्रजीत त्यांना अ‍ॅडम आणि ईव्ह म्हणतात, वेल्शमध्ये शॉन आणि शान. ते खालच्या रस्त्यावरून पाहिले तर दोन माणसे उभी असावीत असे वाटते. एकावरून दुसऱ्यावर उडी मारणाऱ्याला ‘ट्रव्हनचे स्वातंत्र्य’ मिळते अशी जुनी रीत आहे. दोघांमधले अंतर मीटरभरापेक्षा थोडेसेच जास्त आहे आणि सपाट जमिनीवर ते कोणीही पार करील. तरीही माझा सल्ला उडी न मारण्याचा आहे. दगडांचे माथे अनेक वर्षांच्या बुटांनी गुळगुळीत झाले आहेत, खाली आदळायला फक्त खडक आहेत, आणि पूर्वेचा कडा तिथून काही पावलांवर सुरू होतो. घोटा मुरगळला तरी तिथून चालत उतरण्याची सोपी वाट नाही, आणि मग इतर अनेकांचा दिवस आपल्यासाठी खर्ची पडतो.

हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला ऑग्वेनच्या पलीकडे कार्नेझाईचे गोलसर, विस्तीर्ण डोंगर दिसतात, दक्षिणेला ग्लिडर व्हाखची काटेरी कड अगदी जवळ येते. खाली दिसणारे रुंद, सपाट तळाचे खोरे बर्फाने कोरलेले आहे. शेजारच्या कुम इदवलमध्ये चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये आला तेव्हा त्याला हिमनद्यांच्या खुणा उमगल्या नव्हत्या. १८४२ मध्ये परत आल्यावर त्याच खडकांत त्या त्याला सर्वत्र दिसल्या.

उतरण: जिथे सर्वांत जास्त चुका होतात

माथा गाठला की मन सैल होते, आणि खरी चुकीची वळणे यानंतर घेतली जातात. उत्तर धारेने परत उतरू नये. वर म्हटल्याप्रमाणे ती उतरायला चढण्याहून कठीण आहे आणि समोरून चढणाऱ्यांची रांग असते. उतरायचे ते दक्षिणेच्या धारेने, बुल्ख ट्रव्हन या खिंडीत. माथ्यावरच होकायंत्र काढून दक्षिण दिशा पक्की करावी, ढग असोत वा नसोत.

माथ्यावरून रस्ता आणि गाडी पश्चिमेला आणि उत्तरेला खाली अगदी जवळ दिसतात, आणि दमलेला माणूस त्या दिशेने ‘थेट वाट’ शोधू लागतो. पश्चिम उतारावरच्या घळी वरून गवताळ आणि साध्या वाटतात. खाली त्या कड्यांच्या तोंडाशी संपतात. तिथवर गेल्यावर खालीही जाता येत नाही आणि ओल्या गवतातून वर परतणेही अवघड होते. बचाव पथकाला ज्यांना सोडवून आणावे लागते त्यांतले अनेक जण अशाच प्रकारे अडकलेले असतात.

दक्षिण धारेवर उतरताना कडेच्या किंचित उजवीकडे, पश्चिमेच्या अंगाने राहावे. इथेही ठोकळ्यांवरून हात टेकत उतरावे लागते, पण उत्तर धारेच्या मानाने हे सौम्य आहे. दक्षिण शिखर ओलांडल्यावर एक छोटी खिंड येते आणि पुढे ‘फार साउथ पीक’ हा सुटा उंचवटा उभा असतो. त्याच्यावर न चढता उजव्या बाजूने त्याला वळसा घालून खाली उतरावे, म्हणजे बुल्ख ट्रव्हनची दगडी भिंत दिसते. भिंतीवर चढून ओलांडण्यासाठी लाकडी शिड्या आहेत. धुक्यात ही भिंत म्हणजे हमखास खूण आहे: भिंत सापडली की तुम्ही खिंडीत आहात.

खिंडीतून पश्चिमेकडे उतरणारी वाट बरीच मळलेली आहे. ती लिन बॉख्लुइडपाशी नेते. या तळ्याच्या मुखातून निघणाऱ्या ओढ्याच्या कडेने पुढचा उतार तीव्र आहे आणि दगड ओले असतात. दिवसाच्या शेवटी गुडघे थकलेले असताना घसरण्याचे प्रसंग इथे येतात, म्हणून काठ्या आता बाहेर काढाव्यात. खाली दलदलीचा पट्टा ओलांडून कुम इदवलची फरसबंद वाट आणि मग ऑग्वेन कॉटेज लागते. सुरुवातीच्या थांब्यापर्यंत तळ्याच्या कडेने साधारण दीड किलोमीटर राहतो. एकूण फेरी पाच-सहा किलोमीटरची. वेळ मात्र पाच ते सहा तास धरावा, आणि गट मोठा किंवा नवखा असेल तर सात.

दुसऱ्या वाटा

उत्तर धारेची भीती वाटत असेल तर याच वाटेने उलट, म्हणजे ऑग्वेन कॉटेज, लिन बॉख्लुइड, खिंड आणि दक्षिण धार असे चढून तसेच परतावे. लहान मुले नसलेल्या पण खडकाची सवय नसलेल्या गटाला मी हीच वाट सुचवीन. हात इथेही वापरावे लागतात, पण अडले तर परतणे सोपे असते.

पूर्वेच्या अंगाने ‘हेदर टेरेस’ नावाची वाट आहे. तिचे नाव मराठीत करायचे तर ‘हेदरचा पदर’ असेच करावे लागेल, कारण ती पूर्व कड्याच्या मधोमध तिरकी चढत जाणारी एक लांब पट्टी आहे. लिटल ट्रव्हन या छोट्या कातळाजवळून ती सुरू होते आणि दक्षिण शिखर व फार साउथ पीक यांच्या मधल्या खिंडीत निघते. तिचा आरंभ सहज सापडत नाही, आणि वरून येणाऱ्या दगडांमुळे तिथे रेंगाळू नये; पण ऑगस्टमध्ये हेदर जांभळी फुललेली असताना ती या डोंगराची सर्वांत सुंदर वाट ठरते.

ज्यांना दोरावरच्या चढाईचा अनुभव आहे त्यांना ट्रव्हनचा पूर्व कडा वेगळाच खजिना देतो. ‘ग्रूव्ह्ड अरेट’ हा १९११ मध्ये प्रथम चढला गेलेला मार्ग दोनशे मीटरांहून लांब आहे. त्याची श्रेणी ‘हार्ड व्हेरी डिफिकल्ट’ अशी लिहिली जाते. शब्द भीतिदायक असले तरी ब्रिटिश श्रेणीरचना जुनी आहे आणि आज ही श्रेणी खालच्या पायऱ्यांपैकी मानली जाते. अवघड गोष्ट त्यातली लांबी आणि वाट शोधणे हीच. ‘म्युनिक क्लाइंब’ हा १९३६ मध्ये जर्मन गिर्यारोहकांनी पाडलेला मार्ग याच कड्यावर आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या गिर्यारोहकांनीही याच डोंगररांगांत सराव केला होता. दोराची सुरुवात करणाऱ्यांसाठी लिटल ट्रव्हनचा सौम्य कातळ योग्य आहे.

खिंडीतून पुढे ब्रिस्टली रिज ही धार चढून ९९४ मीटर उंचीच्या ग्लिडर व्हाखवर जाण्याचा मोह अनेकांना होतो. श्रेणी तीच, पण धार अधिक अरुंद आणि तिथून मागे फिरणे अधिक कठीण. दुपारी एकच्या आत खिंडीत पोहोचला असाल, सर्वांच्या अंगात जोर असेल आणि ढग वर असतील तरच जावे.

अडकल्यास

पुढे वाट नाही आणि मागे उतरता येत नाही अशी स्थिती आली, तर आणखी एक पाऊल पुढे टाकून पाहण्याचा विचार सोडावा. सुरक्षित कंगोऱ्यावर बसावे, बरोबर असतील तेवढे सगळे कपडे अंगात चढवावेत, खावे. मग ९९९ किंवा ११२ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. नकाशावरचा स्थानांक, गटातली माणसे, दुखापत, आणि कोणत्या धारेवर किंवा घळीत आहात हे सांगावे. संपर्क क्षीण असेल तर ९९९ ला लघुसंदेश पाठवता येतो, पण त्यासाठी ‘रजिस्टर’ हा शब्द त्याच क्रमांकावर पाठवून घरी असतानाच नोंदणी करावी लागते. फोन चालतच नसेल तर मिनिटभरात शिटीचे किंवा टॉर्चचे सहा इशारे, मग मिनिटभर थांबणे, आणि पुन्हा सहा. उत्तरात तीन इशारे येतात.

या खोऱ्यात ऑग्वेन व्हॅली माउंटन रेस्क्यू ऑर्गनायझेशन काम करते. तिचे सदस्य स्वयंसेवक आहेत, आपापले उद्योग सोडून रात्री-अपरात्री येतात आणि कोणाकडून पैसे घेत नाहीत. गरज असताना संकोचाने अंधार पडेपर्यंत थांबू नये. उजेडात आलेली हाक त्यांच्यासाठी सोपी असते. हाक दिल्यानंतर जागा बदलू नये आणि फोन इतर कशासाठीही वापरू नये, कारण पथक त्याच क्रमांकावर परत फोन करते. नंतर वाट सापडून आपण स्वतःच खाली उतरलो, तर रस्त्यावर पोहोचताच पुन्हा फोन करून तसे कळवावे, नाहीतर ती माणसे अंधारात कड्यांवर आपल्याला शोधत राहतील.